तिघांनाही हो

राजेश्री : नाही काका, चहा नको. मागच्या रविवारी चहाच नडला.

आबासाहेब : असं कसं मॅडम? गंगाखेडहून एवढ्या उन्हात एसटीनं आलात, आन् राणीसावरगावात येऊन बिगर चहाचं जायचं?

राजेश्री : त्या दिवशी मी इथंच चहा घेत बसले होते आणि शिवकन्या म्हणाली, हो मॅडम, मी बॉटनीच घेते. त्या एका ‘हो’वर मी प्राचार्यांना जाऊन सांगितलं की आमची बॅच भरली. आज सकाळी क्लार्क म्हणतात, मॅडम, तुमची शिवकन्या केमिस्ट्रीवाल्यांनीही आपली म्हणून सांगितली आहे. मला वाटलं, त्यांची काहीतरी चूक असेल. हिला फोन लावला, हिनं उचलला नाही. म्हणून आले.

आबासाहेब : चूक न्हाई त्यांची. केमिस्ट्रीचे सर बुधवारी आले व्हते. भला माणूस. आमच्या मेव्हण्याच्या गावचे निघाले. शेंगा खाल्ल्या, आमच्या थोरल्या गोपाळची चौकशी केली, आन् उठता उठता पोरीला इचारलं, येणार ना बेटा आपल्याकडं? ही म्हणली, हो सर.

राजेश्री : शिवकन्या?

आबासाहेब : झूलॉजीवाले शुक्रवारी. त्यांनी तर गोठ्यात जाऊन वासराचं पोट चाचपलं, जंत झालेत म्हणले, औषध सांगितलं. त्यांना बी ही हो म्हणली.

राजेश्री : तिघांना?

शिवकन्या : हो.

राजेश्री : मला निदान फोनवर तरी सांगायचं.

शिवकन्या : फोनवर तुमी परत इचारलं असतं, मॅडम. मी परत हो म्हणले असते. म्हणून उचलला न्हाई.

आबासाहेब : रागावू नका तिच्यावर. आमच्यात दारी आलेल्याला तोंडावर न्हाई म्हणायची रीत न्हाई. हिची माय तर चाळण्या इकणाऱ्या बाईला बी न्हाई म्हणत न्हाई. घरात बघा, पिठाला चाळणी, ज्वारीला चाळणी, आन् दोन नुसत्याच खुंटीला. पर मला एक कळंना. आमच्या वक्ताला मास्तर दिसला की पोरं लपायची. आता मास्तरच पोरांच्या मागं हिंडायलेत. हे कामून?

राजेश्री : पहिल्या वर्षाला तिन्ही विषय सारखे असतात, काका. दुसऱ्या वर्षापासून त्यातला एक मुख्य धरायचा. त्याला मेजर म्हणतात. ज्या विषयाला पोरं कमी पडतात तो मेजर त्या वर्षी उघडतच नाही. उघडला नाही की तास नाहीत. कायमच्या सरांची काहीतरी सोय लावतात. माझ्यासारख्या तासिकेवरच्या माणसाला घरी पाठवतात.

आबासाहेब : म्हंजे तुमी कायमच्या न्हाईत?

राजेश्री : नाही. शिकवायला लागून बरीच वर्षं झाली, पण दर जूनला नव्यानं.

आबासाहेब : ही तर सांगत व्हती, तुमी पीएचडी हाव म्हणून.

राजेश्री : आहे की.

आबासाहेब : मग तर अवघडच हाय.

राजेश्री : परभणीच्या एका कॉलेजनं यंदा काही तास देऊ केले होते. हिनं हो म्हटल्यावर मी त्यांना नको म्हणून कळवलं. ते तास दुसऱ्या कुणाला गेले. हे मी हिला टोचायला सांगत नाही. पण आज पाचला ऑफिस बंद व्हायच्या आत कुणी काय धरलं ते पक्कं कळवायचंय. बॉटनीला एक पोरगी कमी पडते, आणि ती ही आहे.

शिवकन्या : परभणीचं मला माहीत नव्हतं.

आबासाहेब : मग घे की बॉटनी, शिवे. त्यात काय एवढं? मॅडमचं लेकरागत तोंड उतरलंय बघ.

शिवकन्या : आन् केमिस्ट्रीचे सर?

आबासाहेब : त्यांना मी सांगतो समजावून. मी काय म्हणतो मॅडम, कोणतं बी घेऊ द्या. पावणे घरी येतात, इचारतात पोरगी किती शिकली. बीएस्सी म्हणलं की मान हालवतात. कशात बीएस्सी, हे कुणीच इचारत न्हाई. परवा सोनपेठचे पावणे येऊन गेले, त्यांनी बी न्हाई इचारलं.

राजेश्री : पाहुणे येऊन गेले?

शिवकन्या : बघायला म्हणून न्हाई. सहज आले व्हते. त्यांना बी चहा केला.

आबासाहेब : पोरीचं वाईट व्हावं म्हणून बोलत न्हाई मी. गोपाळनं केमिस्ट्रीच केली ना. लय हौसेनं केली. भिंतीवर तो मूलद्रव्यांचा तक्ता लावला व्हता, जेवताना बी तिकडंच बघायचा. वाळूजला कंपनीत गेला. तिथं काय, बॅरल हालवायचे, धुवायचे, परत भरायचे. हाताची सालं निघाली तसा घरी आला. आता मानवतला मोबाईलच्या दुकानात काचा चिटकवतो. म्हणून मी हिच्यावर जोर करीत न्हाई. ज्यानं मर्जीनं घेतलं त्याचं काय झालं ते बघितलंय मी.

राजेश्री : काका, थोडा वेळ तिला बोलू द्या. शिवकन्या, तू सांग. मला बरं वाटावं म्हणून नको. तुला स्वतःला यातलं काय आवडतं?

शिवकन्या : हेच समदे इचारतात.

राजेश्री : आणि तू काय सांगतेस?

शिवकन्या : जे इचारायला आलेत त्यांचा इषय सांगते.

राजेश्री : मी खरं विचारतेय.

शिवकन्या : मी बी खरंच सांगायले. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला गुलाबी रंग आला की पोरी एकमेकींना हाका मारतात, ये बघ आला, आला. मी बघते. आला. मग रीडिंग लिहून घेते. मला वाटतं, आपल्या बी आत काहीतरी हालायला पायजे. हालत न्हाई.

राजेश्री : तुझ्यासारखा खोडाचा काप, सेक्शन, माझ्या वर्गात आजपर्यंत कुणी कापलेला नाही. पपईच्या देठात खोड धरून तू ब्लेड ओढतेस, ती चकती पाण्यावर पडली तर शोधावी लागते, इतकी पातळ. परीक्षेला अर्ध्या वर्गानं तुझेच सेक्शन काचेवर लावले होते. मला दिसत होतं, मी बोलले नाही.

शिवकन्या : पोरींनी मागितले, मी दिले. हात चांगला हाय माझा, मॅडम. भाकरी बी पातळ होती माझी. म्हणून मला भाकरी थापायला आवडती, असं न्हाई.

आबासाहेब : हे मातर खरं हाय. थाप म्हणलं की तोंड वाकडं.

राजेश्री : आवड मागाहूनही लागते, शिवकन्या.

शिवकन्या : तुमाला मागाहून लागली?

राजेश्री : नाही, मला आधीच होती. बीएस्सीला असताना बोरीवरची अमरवेल कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तिला जमिनीत मूळ नसतं. ती दुसऱ्याच्या खोडात घुसते. जिथं घुसते नेमकी ती जागा मी बघितली, दोन झाडांच्या पेशी एकमेकींत शिरलेल्या. मेसची घंटा होऊन गेली, मला ऐकूच आली नाही. त्या दिवसापासून दुसरं काही करावंसं वाटलं नाही.

शिवकन्या : मग तुमी तरी खुशीत दिसायला पायजे व्हतं.

आबासाहेब : शिवे, असं बोलतात का?

राजेश्री : राहू द्या, काका. चुकीचं काही बोलली नाही ती. निघते मी. परतीची गाडी चुकली तर पाचच्या आत कॉलेजात पोहोचायची नाही.

आबासाहेब : शिवे, मॅडमना थांब्यापर्यंत सोड. छत्री घे. ऊन लय हाय.

(शिवकन्या मॅडमबरोबर एसटीच्या थांब्याकडे निघते.)

शिवकन्या : बाबांसमोर तुमी बोलला न्हाईत. पर तुमाला राग आलाय.

राजेश्री : आलाय. तुझा की माझा स्वतःचाच, ते चालता चालता बघतेय.

शिवकन्या : माझं नाव बॉटनीला लावा, मॅडम.

राजेश्री : का?

शिवकन्या : परभणीचे तास माझ्यामुळं गेले.

राजेश्री : म्हणजे हा हो सुद्धा आधीच्यासारखाच.

शिवकन्या : तुमाला चालंल की तो.

राजेश्री : चालेल. तेच तर वाईट आहे. तुझं नाव लावलं की माझं हे वर्ष निघतं. मी फळ्यापाशी शिकवणार आणि तू समोर बसून, मॅडमला वाईट वाटू नये म्हणून मान हलवणार. पुढच्या जूनला मी परत कुणाच्यातरी दारात उभी. आणि तू कदाचित सोनपेठला, कुणाच्यातरी घरात, ते म्हणतील त्याला हो म्हणत. हे मला येतानाच दिसत होतं. तरी अख्खी वाट मी एकच जुळवत आले, हिला पटवायचं कसं. तुझा हात किती चांगला आहे तेही मी त्यासाठीच जपून ठेवलं होतं.

शिवकन्या : हाताचं खोटं व्हतं का?

राजेश्री : नाही. खरं होतं. पण मी ते वापरलं.

शिवकन्या : मॅडम, वर्गातल्या पोरींना एक पायजे असतं आन् घरचे दुसरं म्हणतात. त्या भांडतात, जेवत न्हाईत, मामाला मधी घालतात. मला त्यांचा हेवा वाटतो. मला कुणी अडवलंच न्हाई. बाबा म्हणतात कोणतं बी घे. मग मी मपल्यातच शोधते, काय पायजे आपल्याला. रिकाम्या कणगीत हात घातल्यावानी होतं. तळाला हात लागतो, दाणा लागत न्हाई.

राजेश्री : पहिल्यापासून असं?

शिवकन्या : काय की. कुणी दिलं की घेतलं, कुणी बोलवलं की गेले. सायन्स बी शाळेतल्या सरांनी सांगितलं म्हणून घेतलं. पोरगी लय गुणाची, असं सगळे म्हणायचे. मला वाटायचं, असंच असतंय. आता एकदम सगळे इचारायलेत, तुला काय पायजे. हे शिकवतात का कुठं?

राजेश्री : मला माहीत नाही, शिवकन्या. मला झाडांचं शिकवता येतं.

शिवकन्या : तुमाला बी माहीत न्हाई, मग झालंच.

राजेश्री : एक करून बघ. एकदा नाही म्हण. मला म्हण. मी तुझी सोयरी नाही, मेव्हण्याच्या गावची नाही, आज तुमच्या घरचा चहासुद्धा घेतला नाही.

शिवकन्या : खोटं खोटं?

राजेश्री : नाही. खरं.

शिवकन्या : मग तुमचं काय?

राजेश्री : ते विचारू नकोस. विचारलंस की परत हो म्हणशील.

शिवकन्या : मला बॉटनी न्हाई घ्यायची, मॅडम.

राजेश्री : बरं.

शिवकन्या : केमिस्ट्री बी न्हाई. झूलॉजी बी न्हाई.

राजेश्री : बरं.

शिवकन्या : मला वाटलं व्हतं, न्हाई म्हणलं की त्याच्या मागून काहीतरी निघंल.

राजेश्री : नाही निघालं?

शिवकन्या : न्हाई. तिघं गेले, एवढंच झालं. आता पाचला काय सांगू?

राजेश्री : तू काहीच कळवलं नाहीस तर ऑफिसवाले जिथं जागा असेल तिथं टाकतात. बॉटनी आता उघडत नाही. केमिस्ट्री एव्हाना भरलीय. तुला झूलॉजीत टाकतील.

शिवकन्या : बरं.

राजेश्री : असं बरं म्हणू नकोस.

शिवकन्या : मग काय म्हणायचं असतंय, मॅडम?

राजेश्री : ती धूळ दिसते, ती आपलीच गाडी का?

शिवकन्या : हो. गंगाखेडचीच. कडंला उभ्या राहा, तो ड्रायव्हर पुढं नेऊन थांबवतो.

राजेश्री : तू जा घरी. छत्री तुझ्याकडंच ठेव.

शिवकन्या : मॅडम, तुमी कॉलेजात दिसाल ना?

राजेश्री : येईन एकदा. लायब्ररीची पुस्तकं परत करायची आहेत.