ही आमची सून नव्हेच

— नाही गिरीशराव, कथेतलं नाव बदलणार नाही माझी लेक. आणि मी तिला बदल म्हणून सांगणारही नाही. चहा घ्या, निवतोय. सकाळी सकाळी शुगर लँडहून विमानाने आमच्या नेपरव्हिलच्या बर्फात यायचं, तेही एका कथेपायी! आमचे यतीन घरी असते तर गोड बोलून त्यांनी तुम्हाला वाटेला लावलं असतं, पण ते मघाशीच ट्रेनने ऑफिसला गेले. मला नाही जमत गोड बोलणं. सुहासिनीला जमायचं. माझी धाकटी बहीण, तुमची वहिनी — लग्न झालं तेव्हा अकोल्याच्या त्या घरात दिवसभर 'वहिनी, वहिनी' करत मागे मागे असायचात तिच्या, आठवतंय ना?

काय म्हणालात? परीकथा? हो, परीकथाच शिकायला गेली आमची अनिका. हसा. मी तर भांडले होते. फार्मसीची हातातली ॲडमिशन कॅन्सल करून पोरगी आयर्लंडला निघाली — क्रिएटिव्ह रायटिंग शिकायला, तेही तिथल्या लोककथांमधून! म्हटलं, अगं, भुताखेतांच्या गोष्टीच ऐकायच्या तर एवढ्या लांब कशाला? आपल्याकडे काय कमी आहेत? तर म्हणाली, "मॉम, यू नेव्हर टोल्ड मी एनी." खरंच की. कधी सांगितल्या? दोघंही नोकरीवाले, रात्री पोरीला झोपवलं की लॅपटॉप उघडायचा. मग गेली ती. तिकडे गॉलवेला सदानकदा पाऊस, आणि हिचे फोन काय, तर म्हणे इथले शेतकरी शेतातलं एक काटेरी झाड तोडत नाहीत, नांगर त्याला वळसा घालून नेतात, कारण तिथे 'ते' राहतात. त्यांना परी म्हणायचं नाही बरं, राग येतो. 'भली माणसं' म्हणायचं. आपण नाही का रात्री सापाला लांबडं म्हणत, तसं.

तर ही भली माणसं बाळंतिणीला पळवून नेतात, आणि तिच्या जागी हुबेहूब तिच्यासारखी दुसरीच ठेवून जातात. ती बोलत नाही, जेवत नाही, लेकराला जवळ घेत नाही. मग घरचे काय करतात? कडू काढे पाजतात, विस्तवाजवळ नेतात आणि विचारतात, बोल, तू कोण आहेस? हे सगळं सांगून अनिकाच्या बाई वर्गात म्हणाल्या, ही गोष्ट नेहमी सासरच्यांनी सांगितलेली असते, त्या बाईला कुणी विचारलेलंच नाही. तुम्ही तिच्या तोंडून लिहा. — ऐकताय ना? की घड्याळ बघताय?

एका रविवारी तिचा फोन आला. एरवी मॉम मॉम करणारी, "आई," म्हणाली, "आई, आपल्याकडे कुणाला असं म्हणाले होते का?" मी डिशवॉशर लावत होते. तशीच खाली बसले, किचनच्या फरशीवर, आणि सांगितलं. तोवर कुणाला कधी सांगितलं नव्हतं. अक्षत झाला आणि सुहासिनी गप्प झाली. दूध पाजेना, केस विंचरेना, भिंतीकडे बघत बसायची. बाळंतपणानंतर होतं असं, औषध असतं त्याला, आज कुणीही सांगेल. तुमच्या आईंनी काय सांगितलं सगळ्या आळीला? 'ही आमची सून नव्हेच. हिच्यात दुसरंच कुणी येऊन बसलंय.' मांत्रिक आणला. मिरच्यांची धुरी दिली — मिरच्यांची, गिरीशराव, ओल्या बाळंतिणीला! — आणि खोलीत कोंडली. लहान होतात? इंजिनिअरिंगला होतात! बाहेरून कडी कुणी लावली ते सुहासिनीने मला सांगितलंय, नाव घेऊन. नको, मला सॉरी म्हणू नका. माझ्याकडे कशाला?

मी इथे, दिवस गेलेले, व्हिसाचं काम अडकलेलं. बाबांनी जाऊन नागपूरला आणलं तिला. चांगले डॉक्टर मिळाले, हळूहळू माणसांत आली. आणि पहिलं वाक्य काय बोलली? 'अक्षतला आणायला जाऊ.' गेली, तर तिच्या नवऱ्यासकट तुम्ही सगळ्यांनी दारातूनच परत पाठवलीत. वेडीच्या हाती पोर देत नाही म्हणालात. पोराला सांगितलंत, तुझी आई तुझ्या जन्माच्या वेळीच गेली. फोटोला हार घातलात — जिवंत बाईच्या फोटोला! ती नागपुरात शाळेत गणित शिकवत होती आणि तिकडे तुम्ही तिचं श्राद्ध घालत होतात. अनिकाने कथा लिहिली, तिथल्या एका ऑनलाइन मासिकाने घेतली. छापायच्या आधी तिने विचारलं, "मावशी, नाव बदलू का?" सुहासिनी म्हणाली, "नको गं. त्यांनी मला एकदा बदललंय, तेवढं पुरे."

अक्षतच्या मनावर परिणाम होईल? आत्ता आठवलं त्याचं मन? शिकतोय पोरगा ॲन आर्बरला, बावीस वर्षांचा घोडा झालाय, त्याला — काय? फोन उचलत नाही तुमचा? आता नागपुरात असताना कसा उचले—

नाही, काही नाही. बिस्किट घ्या.

हो. नागपुरात म्हटलं मी. सांगायचं नव्हतं, शब्द दिला होता त्याला, पण जीभ आहे माझी ही अशी. आता ऐकाच मग. कथा वाचली त्याने. आईचं नाव ओळखलं, आणि मला, मावशीला, शोधत ड्राइव्ह करत आला इथे, एवढ्या बर्फातून, आणि दारातच विचारलं, "इज शी अलाइव्ह?" मी फोन लावून दिला. नुसतं म्हटलं, सुहास, कुणाला तरी तुझ्याशी बोलायचंय. ती हॅलो हॅलो करतेय, आणि हा तोंडावर हात दाबून उभा. मग तीच म्हणाली, "अक्षत का रे?"

कुणाला लावताय? त्याला? ठेवा तो फोन खाली. तिकडे आत्ता जेवायची वेळ झालीय, मायलेकरं पानावर बसली असतील. आज तरी त्यांना सुखाने चार घास खाऊ द्या.

उठा. निघा आता.