बहिणीच्या वाट्याची वाळू

नाक्सोस बेटावर, डोंगरातल्या थांब्यावर डेस्पिना चीजची टोपली घेऊन बसची वाट बघत होती. नजर रस्त्यावर, कान मात्र मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बहीणभावाकडे आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या परक्या पोरीकडे.

"आजोबा, सुट्टीचा एकच दिवस उरलाय. काय बघू?"

"हिची वाळू बघ! पाऊल टाकलंस की उचलवणार नाही. अन् पाणी असं नितळ, की तळाचा खेकडासुद्धा लाजतो."

"आजींची वाळू?"

"वाटणीत आली, पोरी. ऑलिव्हची बाग या स्ट्रातिसला, आणि जिथे कांदासुद्धा उगवत नाही तो किनारा मुलीला. मी रडले, तर हा म्हणतो कसा, 'रड, मीठ तरी पिकेल!'"

"अगं कालिओपी, मिसरूड फुटलं नव्हतं मला तेव्हा!"

"आणि आता? दर रविवारी डुंबायला हजर. सावली माझी, टॉवेल माझा, तळलेला मासाही माझाच."

"आजी, हॉटेलवाले मागे लागले असतील की!"

"लागलेत ना. उंबरा झिजवला मेल्यांनी."

"मग विकली का नाही?"

"विकली असती तर हा रविवारी कुठे आला असता?"

"बस आली," म्हातारा खाकरून म्हणाला. "कालिओपी, आण तुझी पिशवी इकडे. मी घेतो."