कंबर काही वर येईना

नाही नाही, तुम्हीच सांगा, साठीच्या माणसावर चारचौघांत कुणी असं ओरडतं का... "काका, कंबर वर! कंबर वर, काका!" अहो, अख्खा स्विमिंग टँक माझ्या कंबरेकडे बघायला लागला! तुम्हाला सांगतो, मी लिफ्टचा मेकॅनिक, उभा जन्म लोकांना वर पोचवण्यात गेला, आणि स्वतःची कंबर बेटी वीतभर वर येईना!

आता पोहायची हौस मला होती का? हौस आमच्या हिची. गुडघ्यांसाठी म्हणून जायला लागली आणि वर्षभरात अशी सुळसुळ पोहायला लागली, जणू माहेर पाण्यातलंच! एकदा भाजी निवडता निवडता म्हणते, "अहो, एकटीला कंटाळा येतो. माझ्या शेजारून पोहत या ना." एवढ्या वर्षांच्या संसारात बाई पहिल्यांदा शेजारून या म्हणाली, एरवी "जरा बाजूला व्हा" असतं... नाही कसं म्हणणार?

तर उतरलो. आणि पाय गेले खाली! मी हात मारतोय, पाणी उडतंय, आजूबाजूचे घाबरून काठावर निघाले, पण मी आपला आहे तिथेच! आणि ती शिकवणारी पोरगी, माझ्या लेकीहून लहान, काठावरून चालूच... "कंबर वर!" अगं बाई, बटण आहे का कंबरेला?

शेवटी जावयानं मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला आणि घरी टीव्हीवर लावला. स्वतःला पोहताना मोठ्या पडद्यावर बघू नये हो! मला वाटत होतं, मी आडवा आहे. आडवा कसला! पाण्यात जिना चढत होतो! जावई बिचारा मर्यादेनं म्हणतो, "बाबा, तसं... डोकं छान वर आहे." ही लगेच पडद्यावर बोट ठेवून, "इथंच तर घोडं अडलंय! मान वर काढली की पाय खाली जाणारच. तळाकडे बघा!"

"आणि समोरून कुणी आलं तर?"

"कोण येणारे? बस?"

खरं सांगू? मला भीती वाटायची. तोंड पाण्यात घातलं की लगेच मान बाहेर! ते हिनं ओळखलं. दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी पाण्यात येऊन उभी राहिली. "चला. मी आहे."

घातलं डोकं! तळाच्या फरशा बघितल्या, बुडबुडे सोडले, हात लांब केला, आणि... अहो, कंबर वर! आपोआप! पाय तरंगले, पाणी अंगाखालून रेशमासारखं सरकायला लागलं! श्वासासाठी मान उचलायची नाही, झोपेत कूस बदलतो तसं सगळं अंग वळवायचं. मी उजवीकडे वळलो, तर ही डावीकडे वळलेली! पाण्यात तोंडासमोर तोंड! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू... तेवढ्यात हिनं तोंड उघडलं, "को—" गेली पाण्यात. पुढच्या श्वासाला, "—पर!" पुन्हा पाण्यात. त्याच्या पुढच्या श्वासाला, "वाकवा!"

काय आहे... तरलो हो मी. सुटलो नाही!