नव्वदचं इंजिन

"हॅलो? … कोण? … अरे मोठ्याने बोल, मागे कसला खडखडाट चाललाय? … गार्थ? मग आधी नाव सांगावं माणसाने. … नाही, वेळ नाहीये. जर्दाळू चुलीवर आहेत. … जॅम! दुसरं काय करणार जर्दाळूंचं? … बोल, बोल लवकर."

नोलीनने फोन कान आणि खांदा यांच्यात दाबून धरला आणि पातेल्यात कालथा फिरवत राहिली. तिचं घर रेमंड बेटावर. पलीकडच्या काठावर, पेन्सव्हिलला, आयव्हरचा बोटी दुरुस्त करायचा कारखाना. तिथून तिचा धाकटा भाऊ बोलत होता. तिचा नवरा मर्व्ह गेल्यापासून तो फोन करत नसे. नाताळचं कार्डसुद्धा यंदा त्याने टपालाने पाठवलं होतं, मधे जेमतेम दोनशे पावलांचं पाणी असताना.

"हो, हो… अर्धी बोट माझ्या नावावर आहे, मला माहितीये. मर्व्हची अर्धी ती आता माझी. … बरं, मग? … काय बदलायचंय?"

कालथा थांबला.

"इंजिन? का? आहे त्याला काय धाड भरलीय? … जुनं आहे म्हणजे? तू पण जुनाच आहेस. … अरे, गेल्या ईस्टरला आयव्हरनेच तपासलं ना ते? तोच म्हणाला, अजून दहा वर्षं कुठे जात नाही म्हणून. … मग त्यालाच विचार ना, तुझ्या शेजारीच उभा असेल."

"किती? … दीडशे हॉर्सपॉवर? गार्थ, सोळा फुटी बोट आहे ती, विमान नाही! … हं. … हं. … आयव्हर नाही म्हणाला ना? चांगलं झालं. बोटीच्या कडेला पट्टी ठोकलीय ती काय शोभेला? नव्वदच्या वर चालत नाही, मलाही पाठ आहे. … म्हणजे आता नव्वदचं बसवणार. साठचं काढून नव्वदचं. … आणि माझी परवानगी हवी. … नाही, तुला नको असेल, आयव्हरला हवी. म्हणून फोन. एरवी बहीण जिवंत आहे की मेली, काही पडलेलं नाही."

खिडकीबाहेरच्या निलगिरीवर कोआलाने एक लांबलचक घोरणं काढलं. नोलीनने खिडकी धाडकन लावून घेतली.

"माझं उत्तर ऐकायचंय? नाही. … नाही म्हणजे नाही. … कारण? कारण मला दिसतंय तू हे कशासाठी करतोयस. तो डुएन. … हो, डुएनच! नाताळच्या दुसऱ्या दिवशी, बॉक्सिंग डेला, तो बोट घेऊन तुझ्या बाजूने सुसाट गेला आणि पाणी उडून तुझ्या सँडविचचा लगदा झाला. अख्ख्या धक्क्याने पाहिलं. … मी नव्हते, पण मला सगळं कळतं. छप्पन्नाव्या वर्षी, कंबरेला पट्टा बांधून, तुला शर्यती लावायच्यात. … ऐक ना… अरे ऐक ना! वजन किती वाढेल मागे? कोणी हिशेब केला? लाटांत नाक वर करील ती बोट. आणि एकदा वेग हातात आला की तू काय सोडणार आहेस का? लहानपणी सायकलला ब्रेक नव्हता तरी उतारावरून यायचास. दात कुणाचा पडला होता? माझा!"

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. नोलीनचा चेहरा आखडत गेला.

"पैशाचा प्रश्नच नाहीये. … नको, तू भरलेस तरी नको. … काय म्हणालास? … परत म्हण. … मी खवचट? मी? … हो का. आणि मीच बोट तुझ्या एकट्याच्या गळ्यात टाकली? चौदा महिने तिचं तोंड पाहिलं नाही? … खरंय. नाही पाहिलं. विकून टाकीन माझी अर्धी! डुएनलाच विकीन, मग बसा दोघं एका बोटीत. … ओरडू नकोस. … ओरडू नकोस म्हणते ना! आयव्हर ऐकतोय, त्याची गिऱ्हाइकं ऐकतायत. … ऐकू देत? मग मीही सांगते सगळ्यांना…"

तिने आवाज खाली आणला:

"मर्व्हचं नाव काढू नकोस. … नाही. तुला तो अधिकार नाही. … गार्थ, मी फोन ठेवीन हं."

पण तिने ठेवला नाही. भाऊ पलीकडे एकच आकडा पुन्हा पुन्हा सांगत होता.

"… सव्वीस मिनिटं. हो, माहितीये. … ऐकतेय मी. … नव्वदचं असतं तर पंधरा. … पंधराच कशावरून? … मोजलंस? … कुणाची नव्वदची बोट घेऊन? … कधी? … किती वेळा गेलास तू डक आर्मला? … एकटाच? घड्याळ लावून?"

चौदा महिन्यांपूर्वी, नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, मर्व्ह आणि गार्थ डक आर्मच्या खाडीत मासे धरायला गेले होते. दहाच्या सुमाराला मर्व्ह गळाला आमिष लावता लावता पुढे कलंडला तो उठलाच नाही. गार्थने नांगर ओढून घेतला आणि समोरच्या वाऱ्यात, उलट्या लाटांत, साठचं ते इंजिन होतं नव्हतं तेवढं पिळून बोट सव्वीस मिनिटांत पेन्सव्हिलच्या धक्क्याला आणली. अँब्युलन्स येऊन उभी होती. इस्पितळाच्या व्हरांड्यात, मर्व्हच्या दोन बहिणींसमोर, नोलीनने भावाच्या शर्टाची कॉलर धरली होती.

"मी काय म्हणाले होते ते मला आठवतंय. … तू नको सांगूस. … नको ना रे. … हो. 'सव्वीस मिनिटं? सव्वीस मिनिटं काय करत होतास?' असं म्हणाले. … हो, सगळ्यांच्या देखत. … म्हणाले मी."

पातेल्यातून करपल्याचा वास यायला लागला होता. तिचं लक्षच नव्हतं. ती स्टुलावर बसली होती, कालथा मांडीवर, आणि झग्यावर जर्दाळूचा चिकट पिवळा ओघळ.

एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. त्याच दिवशी संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला बाजूच्या लहान खोलीत बसवलं आणि हात हातात घेऊन सांगितलं होतं, की तुमचे यजमान गेले ते तिथेच, बोटीत, क्षणात. आम्ही स्वतः त्या बोटीत असतो तरी वाचवू शकलो नसतो. बायको म्हणून तिला सांगितलं. भावाला सांगायला कुणी गेलं नाही. तीही गेली नाही. पहिले काही दिवस तिला कशाचीच शुद्ध नव्हती. नंतर शुद्ध होती.

"गार्थ… तू जरा बाजूला जाशील का? आयव्हरपासून लांब. … जा म्हणते ना. भांडत नाहीये. … गेलास? … ऐक. नव्वदचं असतं, दीडशेचं असतं, तरी काही झालं नसतं. … समजूत नाही घालत! मला डॉक्टरने सांगितलं होतं. तो तिथेच गेला होता, तू नांगर ओढायच्या आधीच. तू आणलास तो… तू आणलास तेव्हा तो नव्हताच रे. … हो. नक्की. … तशा शब्दांत."

आता पलीकडे त्याच्या आवाजामागे वारा होता.

"कधी सांगितलं म्हणजे? … त्याच दिवशी. … हो, त्याच. संध्याकाळी. … हॅलो? … आहेस का?"

तो होता. पुढचा मिनिटभर तो जे बोलला, ते नोलीनने फोन कानापासून जराही दूर न करता ऐकलं.

"हो. … हो, चौदा महिने. … झोप लागत नव्हती तुला, कळतंय. … नाही, कळत नव्हतं. मी विचारलंच नाही. … हो, नालायक आहे. म्हण. … म्हण ना, अजून म्हण. … का? का नाही सांगितलं?"

ती उठली. चूल बंद केली. पातेल्याचं बूड काळं झालं होतं.

"कारण त्या दिवशी सकाळी तो मला म्हणाला होता, खांदा दुखतोय, आज जात नाही. … हो. मला म्हणाला. आणि मला घर पुसायचं होतं. मी म्हटलं, जा बाबा, पायात घुटमळू नकोस, वाऱ्यावर गेलास की बरा होशील. मी पाठवलं त्याला. कळलं? डबा भरून हातात दिला आणि ढकलला दारातून. … मग तू आलास त्याला घेऊन, भिजलेला, थरथरत. मला उशीर करणारा कुणीतरी हवा होता. … तूच होतास समोर. … नाही, माफी मागत नाहीये. तू देणार नाहीस, मला माहितीये. … हो, मीही दिली नसती."

"हॅलो? … गार्थ? … हॅलो?"

पलीकडे फोन कशावर तरी आदळला, पण बंद झाला नाही. माणसांचे आवाज, लोखंडी साखळीची किणकिण, आणि मग दुसराच कुणीतरी घसा खाकरला.

"कोण, आयव्हर? … काय झालं? … कुठे गेला? … धक्क्याच्या टोकाला. … बसलाय ना नुसता? … लक्ष ठेव त्याच्यावर. … नाही रे, पाण्यात उडी मारणारा नाही तो, मारलीच तर मला बुडवायला मारील. … हं. … इंजिनाचं? … यारीच्या साखळीला टांगलेलं आहे? … ऐक आयव्हर, माझा होकार आहे. … हो, ऐकलंस ते बरोबर ऐकलंस. नव्वदचं बसव, साठचं ठेव, तो सांगेल ते. माझ्याकडून आता नाही म्हणणार नाही. कागद असेल तर पाठव, सही करते. … हाक मार त्याला. विचार."

आयव्हरची हाक तिला इथपर्यंत ऐकू आली.

"काय म्हणाला? … खांदे उडवले? … परत विचार. … हं. … साठच राहू दे म्हणाला? … त्याच्या तोंडून? … का ते नाही सांगितलं? … बरं. बरं. मग ते नवीन उतरव खाली, दुसऱ्या कुणाला तरी लागेल. … येतोय? इकडे? … दे त्याला."

नोलीनने ओट्याची कड घट्ट धरली.

"बोल. … हो. … हो. … कळलं, माझ्यासाठी ठेवलं नाहीस. मर्व्हने निवडलं होतं म्हणून ठेवलंस. … माझं तोंडही पाहायचं नाही. कळलं. … किती दिवस? … मेल्यावरसुद्धा नाही? … बरं. … नाही, ऐक ना. मी येतेय. … येतेय म्हणजे येतेय! दहाची फेरीबोट मिळेल मला. … दार लावून घेशील? आयव्हरचं दार आहे ते, तुझं नाही. … मला ठाऊक आहे तुझ्याजवळ अजून पुष्कळ आहे. चौदा महिन्यांचं आहे. ते असं फोनवर नको, फोन खांद्यात धरून मी काहीही ऐकून घेईन. समोर उभं राहून बोल. बहिणीही होत्या ना तेव्हा मर्व्हच्या? आज सगळा कारखाना असू दे. … धर माझीही कॉलर. … नाही, रडत नाहीये. … तू रडतोयस का? … बरं, नाही. नाही रडत. वारा आहे. … गार्थ, फेरी सुटेल रे. ठेवते. … शिव्या दे, पण तिथून हलू नकोस. ठेवते मी."

आणि त्याचं पुढचं वाक्य अर्ध्यात असताना तिने फोन ठेवला. झगा तसाच डागाळलेला, पायात घरातल्या चपला, आणि ती धक्क्याच्या रस्त्याला लागली.