फोटोनं डोळे मिचकवावे म्हने!

अन् मंग थे मोबाइल म्हन्ते काय, तर डोळे मिचकवा! आता तुमीच सांगा भाऊ, हार घातलेला फोटो डोळे मिचकवन काय? ...थांबा, मधातूनच सांगतलं तर तुमाले वाटन, बंडूजीचं डोस्कं सरकलं. पयल्यापासून सांगतो.

आमची नलू, म्हंजे घरची, रोज सांजीले कॅलेंडरच्या चौकटीत दोन ओळी लिहे. एकवीस वर्सं! 'आज दोन कॅरेट वांगे गेले.' 'आज यायनं भाजी अळणी म्हनून ताट सरकवलं. मीठ होतं.' यायनं म्हंजे म्या! पाहा! भांडन मिटलं, पन मीठ होतं हे लिहून ठेवलं बाईनं! तर आमचा पुतन्या हर्षित, वर्ध्याले नोकरीत हाये, थो म्हने, "मोठीआई, दोन-दोन ओळी लिहाची साइट हाये, फुकट हाये, त्याच्यावर लिहीत जा. कुठी नाई जात!" झालं! उन्हाळाभर खाटेवर बसून तिनं सारे जुने कॅलेंडर त्या साइटवर उतरवले. अन् मी? मी म्हनलं, आता हे कागदं काऊन ठेवाचे, कुठी नाई जात ना... टमाट्याच्या कॅरेटात खाली अंथरले अन् समुद्रपूरच्या बाजारात नेले. एकवीस वर्साचा संसार, भाऊ, मीच टमाट्याखाली घालून देल्ला!

पौषात नलू गेली. मले लिहाची सवय नाई, पन साइटवर तिचं वाचनाऱ्यायले सांगा तर लागन? हर्षितनं माह्या मोबाइलात तिचं खातं उघडून देल्लं, मी लिहिलं, 'नलू गेली. तेरवी रविवारी. येजा.' दुसऱ्या दिवशी कुलूप! म्हन्ते, "अनोळखी मोबाइलवरून वापर. ओळख पटवा. चेहरा दाखवा." आता चेहरा कुठून आनू? भिंतीवरचा फोटो उतरवला, हार बाजूले केला, धरला समोर. म्हन्ते, "डोळे मिचकवा." म्हन्ते, "मान डावीकडे वळवा." मी फोटोच वळवला, भाऊ... हळूहळू वळवला, तिची मान दुखे ना शेवटी-शेवटी. तीनदा केलं. म्हन्ते, "खाते कायमचे बंद."

तक्रार केली, तर उत्तर काय? "आपला अनुभव कसा होता? तारे द्या!" अरे, तहसील असती तर उंबरठा झिजवला असता, सायबाच्या पाया पडलो असतो. याले दारच नाई, तं बसू कुठी? हर्षित खाली मान घालून म्हने, "मोठेबाबा, मले खरंच वाटलं, कुठी नाई जात." त्याले काय बोलू? कॅलेंडर तर म्या घालवले.

मले काई जास्त नोको होतं. थ्या मिठाच्या ओळीखाली एक ओळ लिहाची होती. 'मीठ होतं, नलू.' मले तवाच मालूम होतं. दुसरा घास घेतला तवाच. पन एकवीस वर्सात तोंडातून निंगलं नाई, अन् आता लिहाले जागा नाई.

काल हर्षित म्हने, मोठीआईच्या नावानं नवं खातं उघडू, तिथं लिहा. टाकलं नाव. म्हन्ते, "हे नाव आधीच वापरात आहे."

म्हंजे हाये ना ती तिथं! पोट्टा खोटं नाई बोल्ला बाप्पा, कुठी नाई गेली... मलेच आत येऊ देत नाईत.