डाव्या फेऱ्याची वाकळ

माझं म्हायेर कवठे महांकाळकडचं, तिकडं प्यायला पाणी न्हाई, आन् लगीन हून कुंडलला आले तर चौकडं निस्ता ऊस. हितं आल्यावर आत्याबाईंनी, म्हंजी माझ्या सासूनं, मला वाकळ शिवायला शिकवलं. आता तिला समदी गोधडी म्हणत्यात, म्हणू द्यात. जुनी लुगडी एकावर एक घालायची, कडंनं टाका धरायचा आन् फिरत फिरत आत यायचं. शेवटी मधी तळहाताएवढं तोंड ऱ्हातं, त्यात जुंधळ्याचं चार दाणं घालून बुजवायचं, उपाशी वाकळ कुणाच्या अंगावर घालू न्हाई.

काय सांगू तुमाला, ह्यो फेरा निस्ता वाकळंतच न्हाई. गोगलगायीचा शंख बघा, सूर्यफुलाच्या बिया बघा, मधनं कशा फिरत बाहीर येत्यात. वालाचा येल काठीवर चढतो त्यो बी एकाच अंगानं, म्या एकदा चेष्टेनं उलटा गुंडाळला तर त्यो सुटून खाली पडला. लेकराच्या डोक्यावरचा भवरा तसलाच. आत्याबाई म्हणायच्या, ह्ये समदं फिरवणारा हात येकच हाय बग, आन् मला हसू यायचं.

त्या डावऱ्या हुत्या. समद्यांची वाकळ देवळाच्या प्रदक्षिणेवानी उजव्या अंगानं फिरती, त्यांची डाव्या. बायका नावं ठेवायच्या, कारण उलटा फेरा मड्याभवती घालत्यात. त्यांना फिकीर नव्हती, पाचच्या पाच लेकरं जगवली त्यांनी त्याच वाकळंवर. जाताना एक अर्धी ऱ्हायली. मेलेल्या माणसाच्या वाकळंला दुसऱ्यानं सुई लावायची न्हाई अशी आमच्यात रीत हाय, म्हणून ती ट्रंकंत पडून हुती.

माझा ल्योक मिल्ट्रीत, सून शुभांगी माझ्याजवळ. तिची दोन लेकरं पोटातच गेली. तिसऱ्या येळंला सातव्या महिन्यात ती ट्रंक उघडून बसली आन् म्हणाली, आई, आजींची ही वाकळ पुरी करा, माझं बाळ हिच्यावरच निजणार. मी न्हाई म्हणाले. ती रडली न्हाई, वरडली न्हाई, निस्ती वाकळ मांडीवर घिऊन बसली, दोन दिस जेवली न्हाई. मग काय करता, घेतली सुई.

माझा हात उजवा, म्या माझ्या अंगानं टाका फिरवला, तर कापड गोळा हुया लागलं, चुण्याच चुण्या. उसवलं, पुन्ना घातला, पुन्ना त्येच. वाकळंला म्हणलं, बरं बाई, तुझ्या अंगानं. डावीकडं वळले आन् सुई अशी पळाया लागली जणू पुढनं कुणी दोरा वढतंय. भर दुपारची येळ, सोप्यात मी एकली, आन् मानंवर कुणाचा तरी श्वास. वळून बघितलं न्हाई. दाणं घातलं, तोंड बुजवलं, तवा श्वास थांबला.

पोरगी झाली, जगली, धडधाकट हाय. न्हाऊ घालताना शुभांगीनं दाखवलं, आई, हिचा भवरा बघा. उलटा हुता, डाव्या अंगाचा.

बारशाला आरतीचं ताट घेतलं आन् माझा हात उलटा फिरला. जावंनं मनगट धरलं, आवं वैनी, काय करताय. म्या हात सरळ फिरवला तर पोरीनं डोळं मिटलं, अंग ढिलं सोडलं, शुभांगीच्या तोंडचं पाणी पळालं. उलटा फिरवला तवा पोरगी डोळं उघडून हसली, माझ्याकडं न्हाई, माझ्या खांद्यामागं बघून.

तवापासनं माझं समदंच डावीकडं चाललंय, जात्याचा खुटा, कालवणातली पळी, समदं. दर सणाला पोरीला मीच ववाळते, उलटीच. बायका आता आमच्या घरी हळदीकुकवाला येत न्हाईत. न यिनात. शुभांगी म्हणती, आई, भ्या वाटतं का? वाटतं की, लय वाटतं. पर पोरगी मांडीवर उनउनीत लागती, तवा मी मनात म्हणते, आत्याबाई, फिरवा तुमी तुमच्या अंगानं, फकस्त हिला सोडू नगासा.