सगळं सॅम्पलसारखंच

नाही, नाही, लावू नका. एक मिनिट ताई — कुलूप हातात आहे तसंच हातात राहू दे, दाराला लावू नका, एवढंच सांगतोय. ड्यूटीला निघालात, दिसतंय मला, पर्स खांद्याला, डबा हातात, तुमची बस आहे, सगळं कळतंय, पण दोन मिनिटं. ओळखलंत ना? कोपऱ्यावरचं कुलपांचं दुकान. तीन आठवड्यांपूर्वी हेच कुलूप माझ्याच हातून नेलंत, निळ्या पट्टीचं. हां. तर आमच्याकडे एक योजना निघालीय — हे निळ्या पट्टीचं आम्हाला परत द्यायचं आणि त्याच्या बदल्यात हे पितळी घ्यायचं, जुन्या घडणीचं, बघा तरी हातात धरून, कसं जड आहे — फुकट, एक पैसा नाही. काय म्हणालात? तीन जिने धापा टाकत कोण येतं योजना सांगायला? बरोबर आहे तुमचं. मीही नसतो आलो. योजना वगैरे काही नाही, ती मी आत्ता जिन्यात रचली.

खोट आहे त्या कुलपात. थोडीशी. म्हणजे पुढेमागे गंज धरेल — नाही, गंज नाही धरणार, असं बघू नका हो माझ्याकडे, मला खोटं बोलता येत नाही, मला नुसतं बोलता येतं. बाजारात रेडिओ म्हणतात मला. बाबा म्हणायचे, जन्मभर कुलपं घडवली पण ह्याच्या तोंडाला बसेल असं एक काही जमलं नाही. दुकान बाबांचंच. ही तुमच्या दाराची आतली कडी आहे ना, ही त्यांच्या हातची — टोकाचा हा बाक बघा, असा बाक दुसरं कोणी देत नसे. ते म्हणत, गिऱ्हाईक आपल्याकडून कुलूप नेत नाही, रात्रीची झोप नेतं. आता डोळे गेलेत त्यांचे, घरी असतात, आणि दुकान माझ्या गळ्यात, आणि मला वाटलं, हातानं ठोकाठोक करायचे दिवस संपले, आपण समुद्रापलीकडच्या कारखान्यातून थेट माल आणू. आमच्या सात पिढ्यांत कोणी परदेशातून टाचणी मागवली नव्हती आणि मी निघालो दोन हजार कुलपं मागवायला. सांगतो, सांगतो, मुद्द्यावरच येतोय.

तिकडची एक बाई मला लिहायची. मी मोबाइलमध्ये आपल्या भाषेत बोलायचो, तो तिच्या भाषेत करून धाडायचा, तिचं उत्तर मला आपल्या भाषेत दाखवायचा — रोज सकाळी, ‘प्रिय मित्रा, आज आपले आरोग्य कसे आहे?’ बायको म्हणाली, बरं आहे बाई, आमचं आरोग्य इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही. मग सॅम्पल आलं, एक कुलूप, दोन किल्ल्या. बाबांनी हातात घेतलं, दोनदा उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, नग चांगला आहे. त्यांनी चांगला म्हणणं म्हणजे काय, ते आमच्या घरात विचारा. पण बाजारात ज्याला सांगावं तो भीती घालायचा — हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, सॅम्पल सोन्यासारखं येतं आणि लॉट पत्र्याचा. झोप उडाली माझी. म्हणून मी तिला बजावलं — सगळं सॅम्पलसारखंच पाहिजे, तसूभर फरक दिसला तर सगळा माल परत. एकदा नाही, रोज बजावलं. आणि ताई, तिनं विचारलं होतं मला. स्पष्ट विचारलं होतं — ‘किल्ल्यासुद्धा सगळ्या सॅम्पलसारख्याच करायच्या?’ मी म्हटलं, झालं, ही आता किल्ल्या हलक्या पत्र्याच्या घालणार. मी लिहिलं, हो, किल्ल्यासुद्धा. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, ‘नक्की ना?’ मी अंगठा पाठवला.

हो. तेच. तुम्हाला लगेच कळलं. मला दोन हजार खोकी दुकानात रचून, विकायला लागूनसुद्धा कळलं नाही. शब्दाला जागली ती, तिचा काय दोष? माल असा उतरला की काय सांगू, एक ओरखडा नाही, प्रत्येक कुलूप वेगळ्या खोक्यात, प्रत्येकाबरोबर दोन किल्ल्या — आणि चारही हजार किल्ल्या एकसारख्या. ह्याची त्याला, त्याची ह्याला. मी उघडून बघत होतो ना, प्रत्येक कुलूप त्याच्याच खोक्यातल्या किल्लीनं उघडून बघत होतो, उघडत होतं, मी खूश. शेजारच्या खोक्यातली किल्ली लावून बघायची, हे ह्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. कुलूपवाल्याच्या मुलाच्या.

परवा बाबा म्हणाले, दोन नग आण घरी, हातात बसू देत. दिले. कुलपांकडे लक्षच नाही, किल्ल्याच चाचपत बसले, अंगठा दातांवरून फिरवत, एकीवरून, मग दुसरीवरून, मग परत पहिलीवरून. मी आपला बडबडतोय, बघा बाबा काय घडण आहे. त्यांनी ह्याची किल्ली त्याला लावली. खट. मला वाटलं ओरडतील. नुसतं विचारलं, किती गेली? म्हटलं, एकेचाळीस. म्हणाले, सगळी परत आण, आणि तोवर माझ्याशी बोलू नकोस. दोन दिवस झाले, मी ताट नेऊन ठेवतो, ते भिंतीकडे तोंड करतात. दुकान मी बंद केलंय ताई. लोक हसतील, कोणी माझ्याकडून खिळा घेणार नाही, घेऊ नयेच — पण एकेचाळीस घरं आहेत ना, त्यातलं कोणीही सहज शेजाऱ्याच्या कुलपाला किल्ली लावून बघेल आणि — दारोदार फिरलोय. कोणी शिव्या दिल्या, कोणी पाणी दिलं, एकोणचाळीस परत आली. मोजा पिशवीत.

तुमचं चाळिसावं.

एकेचाळिसावं ना? ते — ते राहू द्या. तुम्ही हे पितळी घ्या, हे बाबांच्या स्वतःच्या पेटीचं, त्याच्या दोनच किल्ल्या, दोन्ही तुम्हाला. एकेचाळिसावं मिळालं नाही. देत नाही म्हणतो तो. का काय — आवडलंय म्हणतो. कोण? गिऱ्हाईक एक. गेल्या आठवड्यात आला, म्हणाला निळ्या पट्टीचंच दाखवा, एका दारावर बघितलंय. मी विचारलं नाही कुठल्या दारावर. बाबांनी विचारलं असतं. मी म्हटलं, चला, आपल्या मालाचं नाव झालं. बिलावर त्याचा फोन होता म्हणून आत्ता दुपारी त्याच्या गॅरेजवर गेलो. त्यानं खुर्ची दिली. चहा सांगितला. ताई, इतकं शांतपणे माझं कोणी आजवर ऐकून घेतलं नव्हतं, मध्ये एक शब्द नाही, आणि मी सांगत सुटलो — तिकडची बाई, सॅम्पल, बाबा, सगळं. शेवटी तो म्हणाला, “म्हणजे माझी किल्ली कुठल्याही निळ्या पट्टीला लागेल?” मी म्हटलं, कुठल्याही. त्यानं किल्ली काढली, शर्टाच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं. म्हणाला, “राहू दे मला. आमच्या घरीपण हेच आहे. दोन वाजता घर रिकामं होतं.”

हो. व्रण आहे, डाव्या भुवईवर. तोच मग.

खाली बसू नका ताई, उठा, डबा मी धरतो. तुम्ही दुकानात काय म्हणाला होतात ते मला त्याच्या खुर्चीत आठवलं — जुनं कुलूप चांगलं आहे हो, पण त्याची एक किल्ली दुसऱ्याकडे राहिलीय आणि ती परत मिळायची नाही. आणि मी काय म्हणालो? काळजी सोडा, ह्याची किल्ली जगात फक्त तुमच्याकडे. हे बोललो मी. ह्याच तोंडानं. चहा तसाच टाकून पळत आलोय, रिक्षासुद्धा सुचली नाही. त्याला काही कळलं नव्हतं ताई, त्याच्या हातात नुसतं एक कुलूप होतं, मीच त्याला — तुम्ही मला काय वाटेल ते बोला, थोबाडीत मारा, पण आधी ते निळं माझ्याकडे द्या. द्या. हां. आणि हे धरा पितळी.

पोलिसांना फोन लावताय? लावा. मी सांगेन सगळं, माझं नाव आधी सांगेन. आणि आज —

गेट वाजलं का खाली?

कोणी दुसरं असेल. मोटारसायकल लावली कोणीतरी. ताई, आत जा. पितळी बाहेरून नको आता, आतून कडी घाला, बाबांची कडी, त्या बाकापर्यंत पूर्ण सरकवा, अर्धी ठेवू नका. फोन आतूनच करा. मी इथेच बसतो, ह्या वरच्या पायरीवर, पिशवी मांडीवर घेऊन, इथून माझ्या अंगावरूनच जावं लागतं. मला विचारेल तो, घरी आहे का म्हणून. विचारलं की सांगायचं, हे मी जन्मभर करत आलोय.

सरकवलीत? पूर्ण? ऐकू आलं. बसली.

आता मी बोलत नाही.